मागवलेल्या गाडीतलं घड्याळ

१

गाडीवरचं कापड ओढलं गेलं तेव्हा शोरूममधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढे थोड्याच वेळात त्याच शोरूममध्ये जावईबापूंची अब्रू गेली.

जावईबापू म्हणजे तिथले सेल्समन. एरवी बोलण्यात कोणाला हार न जाणारे, पण आजचं गिऱ्हाईक म्हणजे खुद्द सासरे. सासऱ्यांचा हयातभराचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. एके काळी कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी स्टूल मागायचे आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर लावूनच खाली उतरायचे. 'हल्ली घड्याळ घालतो कोण' म्हणत त्यांनी दुकान बंद केलं होतं. स्वभाव मात्र तोच राहिला होता. कोणी जरा उशिरा आलं की तेवढ्यावरून दिवसभर फुरंगटून बसायचे.

असा माणूस गाडीसाठी महिनोन् महिने थांबला होता, हेच मुळात जावईबापूंना कोडं होतं. तीच परदेशी गाडी शोरूमच्या काचेमागे तयार उभी होती. आज पैसे भरले की उद्या दारात. जावईबापूंनी परोपरीने विनवलं, "बाबा, कारखान्यातून मागवली तर बोटीने येणार. कधी येईल त्याचा भरवसा नाही. इथली घ्या ना."

सासऱ्यांनी साफ नकार दिला. "हिच्यात काट्यांचं घड्याळ नाही. नुसते आकडे. मी हयातभर काटे फिरवले, आता आकड्यांपुढे मान तुकवू?"

काट्यांचं घड्याळ डॅशबोर्डवर बसवून मिळत होतं, पण ते फक्त कारखान्यात मागणी नोंदवली तर. सासऱ्यांनी नोंदवली. बुकिंगवर सासरे-सासूबाई दोघांच्या सह्या झाल्या. जुनी गाडी तर त्यांनी त्याच आठवड्यात विकून टाकली. आणि तेव्हापासून ते जावयाकडे तिरक्या नजरेने बघू लागले. समोर बसले तरी मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. इथली गाडी गळ्यात मारायला निघाला म्हणून मनात अढी धरली असणार, असं जावईबापूंनी ठरवून टाकलं होतं. त्या एका नजरेने त्यांचा जेवणातला रस जायचा.

आज तरी ही अढी सुटेल अशी आशा होती. सासरे ऐटीत दार उघडून स्टिअरिंगमागे बसायला गेले आणि त्यांचे गुडघे दाणकन आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती.

"इथे कोण बसलं होतं?"

"कोणीच नाही, बाबा. बोटीवरून उतरवताना—"

सासऱ्यांनी हात वर केला. मग सीटच्या पाठीवरून, शिवणीवरून बोटं फिरवली आणि चिमटीत काहीतरी धरलं. लोकरीचा तुकडा होता. "ही कारखान्याने घातली का? आणि किती चालली आहे ते वाचा."

जावईबापूंनी वाकून आकडा वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बोटीवरून उतरलेल्या गाडीने जेवढं चालायला हवं, त्याच्या कितीतरी पट तो होता. त्यात भर म्हणजे वर काट्यांच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. ते अजून कारखान्याच्या देशातलीच वेळ दाखवत होतं! लावायचं राहून गेलं होतं. आता मेलो, असं जावईबापूंना वाटलं. पण सासरे घड्याळाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. तेवढाच एक मार चुकला म्हणून जावईबापूंनी सुटकेचा श्वास टाकला.

"जावईबापू," सासरे खाली उतरून सगळ्यांदेखत म्हणाले, "वापरलेली गाडी तुम्ही मला नवी म्हणून देताय. घरच्या माणसाला फसवलंत. गाडी परत न्या."

सासूबाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. मॅनेजरने जावईबापूंना बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या सकाळपर्यंत खुलासा हवा. नाहीतर मी तुम्हाला पाठीशी घालू शकत नाही."

जावईबापूंची बायकोही याच कंपनीत होती. शहराबाहेरच्या यार्डात गाड्या उतरल्या की त्यांची तपासणी तिच्याकडे असायची. ती आज मुद्दाम आली होती. जावईबापू तिला म्हणाले, "आत्याला बोलावतो. तीच यातून काय ते शोधून काढेल."

आत्याचं नाव ऐकलं आणि बायकोचा चेहरा खर्रकन उतरला.

"आत्याला कशाला?" ती म्हणाली.

२

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणून तिने आयुष्यभर ठोकरलेल्या, जळालेल्या, नदीत पडलेल्या गाड्या तपासल्या होत्या. तिच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. दुपारी ती आली ती थेट गाडीत जाऊन बसली.

"मी तुला अहोजाहो करणार नाही," ती जावयाला म्हणाली. "तू फक्त विचारेन तेवढं सांग. तुझ्या मनाचं काही घालू नकोस."

तिने सीट हलवून पाहिली नाही. आधी आरशात पाहिलं. आरसा खाली झुकवलेला होता. मग सीटवरून तळहात फिरवला आणि आणखी एक लोकरीचा धागा काढला. मोहरीच्या रंगाचा.

"बसणारं माणूस ठेंगणं आहे. आणि खाली काहीतरी घेऊन बसतंय, उंची यावी म्हणून." तिने मान वर केली. "कोणाकोणाच्या हातात गाडी होती?"

जावईबापूंचा संशय मॅनेजरवर होता. नव्या गाड्यांत चक्कर मारायची त्यांना हौस आहे, हे सगळा स्टाफ जाणून होता. आत्याने मॅनेजरना बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाली, "जरा बसून दाखवता?"

मॅनेजरसाहेब बसायला गेले. पोट स्टिअरिंगला अडलं, एक पाय आत, एक बाहेर. पुढे जाता येईना, मागे निघता येईना. दोघांनी धरून त्यांना बाहेर काढलं.

"हे नव्हेत," आत्या म्हणाली. मॅनेजर घाम पुसत निघून गेले आणि जावईबापूंचा एकुलता एक संशयित त्यांच्याबरोबर गेला.

आत्या पुन्हा आत बसली. बराच वेळ डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"हे घड्याळ चुकलंय."

"लावायचं राहिलं. बाबांनी काही म्हटलं नाही, नशीब."

"काहीच नाही?"

"एक अक्षर नाही."

"सीटला बोलला. लोकरीला बोलला. किती चालली ते तुझ्याकडून वाचून घेतलं. आणि ज्या घड्याळासाठी ही गाडी सातासमुद्रापलीकडून मागवली, त्याबद्दल बाळ्या काही बोलला नाही?"

बाळ्या म्हणजे सासरे. त्यांना बाळ्या म्हणण्याची छाती जगात एकट्या आत्याचीच होती.

"रागात होते ना," जावईबापू म्हणाले.

आत्या उतरली, वाकून टायरच्या खाचेतला एक बारीक लाल खडा तिने नखाने काढला. "गाडी परवा बोटीवरून उतरली म्हणालास. हे तुला कोणी सांगितलं?"

"बायकोनेच. बोटीला उशीर झाला म्हणाली."

"असं." आत्याने खडा रुमालात बांधला. "चल, तुझ्या बायकोचं यार्ड दाखव."

३

यार्डात सगळीकडे तसलीच लाल खडी होती. फोरमन चहा पीत बसला होता. आत्याला बघून उठला, आणि गाडीचं नाव काढताच पुन्हा बसला.

फोरमन चांगला ताडमाड होता. त्या सीटवर त्याचे गुडघे कानाला लागले असते. म्हणजे हाही नव्हे. जावईबापूंचं डोकं चक्रावलं.

"गाडी कधी आली इथे?" आत्याने विचारलं.

"ते मॅडमना विचारा. मी किल्ल्या सांभाळतो."

"बाहेर कोण घेऊन जात होतं?"

"बाहेर?" फोरमनला ते लागलं. "बाहेर एकदाही गेली नाही. जे काय फिरली ते कुंपणाच्या आतच फिरली."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. आत्या गाड्यांच्या रांगांमागे चालत गेली. मागच्या मोकळ्या जागेत जुने टायर ठरावीक अंतराने मांडून ठेवले होते, त्यांच्यामधून वळणावळणाची वाट उमटली होती. खडीवर तेच तेच चाक किती वेळा फिरलं होतं कोणास ठाऊक. शेवटचा टायर धडक बसून आडवा झाला होता.

"इथे कोणीतरी गाडी शिकलंय," आत्या म्हणाली.

"कोण?" जावईबापूंनी फोरमनला विचारलं. "हे बघा, माझं नाव जातंय यात. सासरे मला चोर समजतायत."

फोरमनने चहाचा कप खाली ठेवला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं.

"साहेब, मी शब्द दिलाय, माझ्याकडून नाव निघायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही तुमच्या घरातच विचारा."

४

जावईबापूंनी संध्याकाळी घरात विचारलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने घालून ठेवलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"गाडी परवा आलेली नाही. बरीच आधी आली," जावईबापू म्हणाले. "तू माझ्याशी खोटं बोललीस."

"हो."

"आणि यार्डात गाडी कोण चालवत होतं? तू?"

"मला गाडी येते, ते तुला माहीत आहे. मी कशाला टायर मांडून शिकू?"

तेही खरं होतं. शिवाय बायको त्यांच्याहून बोटभर उंच. ती काही त्या सीटवर मावली नसती. जावईबापूंच्या हातात धागा येतोय म्हणेपर्यंत सुटत होता.

"मग कोण?"

"माझ्या तोंडून नाही निघणार. शपथ घातलीय मला." तिचे डोळे भरून आले होते. "तुझ्यावर असं शेकेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं रे."

जावईबापूंना रागही आला आणि रडूही. सासऱ्यांनी चोर ठरवलं, मॅनेजर हात झटकून मोकळा झाला आणि आता सख्खी बायको ताकास तूर लागू देत नव्हती. आपण कोणाचं काय वाकडं केलं, तेच त्यांना कळेना. ते तसेच उठले आणि आत्याला घेऊन सासऱ्यांच्या घरी गेले.

सासरे आतल्या खोलीत दार लोटून बसले होते. बाहेर आलेच नाहीत. सासूबाईंनी पाणी आणून दिलं आणि आपल्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसल्या. बसताना जरा अवघडल्या.

आत्याचं पाणी पिणं अर्ध्यावर थांबलं. ती खुर्चीकडे बघत होती.

"वहिनी, तुमची विणलेली उशी कुठे गेली? तिच्याशिवाय कधी बसत नाही तुम्ही या खुर्चीत."

"धुवायला टाकलीय," सासूबाई म्हणाल्या. आणि पुढे कोणी काही न विचारताच सांगू लागल्या, "उसवली होती जरा. मोहरी रंगाची लोकर मिळत नाही हल्ली."

जावईबापूंना ठसका लागला. सासूबाई? साठी ओलांडलेल्या, रस्ता ओलांडताना सुद्धा कोणाचा तरी दंड धरणाऱ्या सासूबाई?

बाहेर पडल्यावर त्यांनी आत्याला रस्त्यातच गाठलं. "म्हणजे आई? पण का? आणि बाबांना सांगितलं तर प्रश्न मिटला ना! मी आत्ताच जाऊन सांगतो."

"थांब." आत्याने त्यांच्या मनगटाला धरलं. ती पहिल्यांदाच थकलेली दिसत होती. "गाडीत कोण बसलं ते कळलं. पण खरं कोडं ते नाहीच. चहा निवेपर्यंत दम नसलेला माणूस एवढे महिने गाडीसाठी थांबला कशाला? आणि गाडी आल्यावर ती परत पाठवायला एवढा टपलेला का? एक सांग, बाळ्या तुझ्याकडे कसा बघतो?"

"तिरका," जावईबापू म्हणाले. "मला पाण्यात बघतात ते."

आत्याच्या हाताची पकड सैल झाली.

५

सकाळी शोरूममध्ये सगळी मंडळी जमली. सासरे यायला तयार नव्हते, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचं काही चाललं नाही. टॅक्सीतून उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"गाडी परत करायची ना, कर," आत्या म्हणाली. "फक्त एकदा आत बस. इकडून नाही, बाजूच्या सीटवर."

सासरे बसले. आत्याने दार धरून ठेवलं.

"बाळ्या, हे तुझं काट्यांचं घड्याळ. किती वाजले ते बघून सांग."

सासऱ्यांनी डॅशबोर्डकडे तोंड केलं. "सव्वादहा," ते ताडकन म्हणाले.

जावईबापूंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. खरंच सव्वादहा झाले होते. वेळ या माणसाच्या अंगातच भिनली होती, त्याला घड्याळ लागत नव्हतं. मग त्यांनी डॅशबोर्डकडे पाहिलं. तिथले काटे पाच वाजायला आल्याचं सांगत होते.

समोरून कोणी हो म्हणेना, त्यावरूनच सासऱ्यांना कळलं की काहीतरी चुकलं. त्यांनी हात पुढे केला आणि घड्याळाची काच चाचपली.

"किती दाखवतंय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"पाच," आत्या म्हणाली. "कारखान्याची वेळ. काल तू याच्यासमोर बसून सीटवरून भांडलास, बाळ्या. जे हाताला लागलं त्या सगळ्यावरून भांडलास. डोळ्याने बघायचं होतं ते जावयाकडून वाचून घेतलंस. भिंतीवरचं चुकलेलं घड्याळ बघून ज्याला घास गिळत नसे तो तू, आणि तुला हे दिसलं नाही. कधीपासून दिसत नाही?"

सासऱ्यांनी काचेवरून अंगठा फिरवला.

"मधोमध डाग आहे," ते म्हणाले. "ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. कडेचं दिसतं. दुकान त्यानेच गेलं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं घेऊन बघू. मला वाटलं, गाडी यायला वेळ लागेल तेवढ्यात नजर परत येईल. तोवर घरात गाडीच नाही म्हटल्यावर मी का चालवत नाही, असं कोण विचारणार? गाडी आली. नजर काही आली नाही. काल गुडघे आपटले तेव्हा मला, खरं सांगतो, बरं वाटलं. परत पाठवायला निमित्त मिळालं." त्यांनी शेजारच्या सीटवर हात ठेवला. "सीटवर कोण बसलं होतं ते मात्र मला अजून ठाऊक नाही."

"मी," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून मोहरी रंगाची उशी काढली. धुवायला वगैरे काही टाकलेली नव्हती.

"तुम्ही दुकान बंद केलंत त्याच दिवशी मी ओळखलं. घड्याळ घालत नाहीत म्हणे लोक! मला फसवायला निघालात. आता तुम्हाला इंजेक्शनांना न्यायचं कोणी? दर वेळी कामाचं खोटं सांगून टॅक्सीने एकटे जाता, उतरताना ठेचकाळता, ते कळत नाही मला? गाडी बोटीवरून आली तेव्हा लेकीला शपथ घातली आणि यार्डात रोज गेले. बुकिंगवर माझीही सही आहे. अर्धी गाडी माझी आहे, मी माझ्या अर्ध्यात बसले."

"मला का नाही सांगितलंस?" सासरे म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत?"

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. "निदान मला तरी सांगायचं होतंस."

"तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं," ती म्हणाली. "बाबांनी एका दिवसात ओळखलं असतं." आणि लगेच तिच्या लक्षात आलं की बाबांना ते दिसलंच नसतं.

सासरे गाडीतून उतरले. जावईबापूंच्या समोर येऊन उभे राहिले आणि नेहमीसारखी मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघू लागले. जावईबापूंनी सवयीने मान खाली घातली. आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. कडेचं दिसतं, असं आत्ताच तर म्हणाले होते.

"बाबा, तुम्ही असं बघता ते…"

"सरळ बघितलं तर तुमचं तोंड जातं," सासरे म्हणाले. "मला तुम्ही दिसायला हवे होतात." जरा थांबून ते मॅनेजरना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "काल मी यांना फसवणारा म्हटलं. ते खोटं होतं. गाडी माझी आहे आणि मला पसंत आहे. माझ्या जावयाने मला कधी फसवलेलं नाही."

जावईबापूंनी सासऱ्यांचा हात धरला.

"आता ते घड्याळ लावा," सासरे म्हणाले.

सगळे चमकले. या माणसाने आजवर कोणाला घड्याळाला हात लावू दिला नव्हता. पोटच्या मुलीलासुद्धा नाही.

"मी?"

"मग कोण? मी सांगतो तसं. सावकाश फिरवा, मागे फिरवू नका. पुढे. अजून पुढे. आता दहा वाजून चोवीस. सोडा."

जावईबापूंनी घड्याळाची चावी सोडली. सासरे कान देऊन क्षणभर ऐकत राहिले आणि मान हलवून बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

सासूबाईंनी उशी घातली, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. गाडी एक गचका देऊन बंद पडली. सासरे काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या हयातीत असं पहिल्यांदाच घडत होतं. दुसऱ्या खेपेला गाडी चालू झाली आणि हळूहळू शोरूमच्या दाराकडे निघाली. वाटेत काचेमागची ती दुसरी गाडी अजून तशीच उभी होती.

दारापाशी सासऱ्यांनी काच खाली केली.

"जावईबापू, कारखान्यातून मागवली तेच बरं झालं," ते म्हणाले. "इथली घेतली असती, तर हिला शिकायला वेळ मिळाला नसता."